आत येताना अंघोळ

४ मार्च

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आता मनात आणलंस तरी उपयोग नाही, कारण माझा फोन कालपासून गेटवरच्या कपाटात कुलपाखाली आहे आणि मुक्काम संपेपर्यंत तिथेच राहणार. पत्रं मात्र चालतात. गेटवाले भाऊ ती उघडून वाचतात, शिक्का मारतात आणि खाद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतात. तेव्हा उत्तरात मला शिव्या घालायच्या असतील तर जरा बेताने घाल, भाऊ वयाने मोठे आहेत. (भाऊ, नमस्कार. चष्म्याची काडी दुरुस्त करून घ्या. दोऱ्यावर किती दिवस काढणार?)

भांडण उकरून काढत नाही. एवढंच सांगते की आईच्या कोंबड्या विकून टाक असं मी कधी म्हटलं नव्हतं. कंपनीचा नियम आहे, फार्मवर काम करणाऱ्याच्या घरात एकही पाखरू असता कामा नये, तेवढा नियम मी तुला सांगितला. तू म्हणालीस, "मग तू या घरातली नाहीस असं लिहून दे." आणि मी लिहून दिलं. राहण्याचा पत्ता कंपनीच्या क्वार्टरचा टाकला. तू रागाच्या भरात बोललीस आणि मी ते शब्दशः केलं, दोघींची ही खोड जुनीच आहे. तेव्हापासून मी तुमच्याकडे फिरकलेलीसुद्धा नाही, हे तुला माहीत आहे. भाऊंनाही माहीत असलेलं बरं.

इथलं सांगते. आत यायचं तर अंघोळ. साधी नव्हे. अंगावरचं सगळं, केसातली पिनसुद्धा, बाहेरच्या खोलीत काढून ठेवायचं. मग गरम पाण्याखाली उभं राहायचं, केस दोनदा धुवायचे, नखांत ब्रश घालायचा. दाराबाहेर एक बाई नुसतं पाणी ऐकायला बसलेली असते. आवाज लवकर थांबला की ती परत पाठवते. पलीकडच्या दाराने निघालं की कंपनीचे निळे कपडे, कंपनीचे बूट. बाहेरचा एक जंतू आत येता कामा नये. इथली पाखरं म्हणजे राजघराणं, यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं लांब लांबच्या गावांत जातात. साहेब म्हणतात, "ही एक शेड शिंकली तर कितीतरी गावांची ताटं रिकामी होतील." साहेबांना असं बोलायला फार आवडतं.

तू माझ्यापेक्षा हुशार, म्हणून एक विचारते. आत येताना एवढी अंघोळ, मग बाहेर पडताना का नाही? बाहेर जाताना नुसते कपडे बदलायचे आणि चालू पडायचं. त्या बाजूच्या नळाला पाणीच नसतं. मी मावशींना विचारलं. मावशी म्हणजे माझ्याबरोबर अंडी गोळा करतात त्या, फार जुन्या आहेत इथे. त्या म्हणाल्या, "आपण इथून काय नेणार गं बाहेर? सोनं आहे का?" मी हसले. पण ते डोक्यात घोळत राहिलंय, का कोण जाणे.

आपली मास्तरीण कोंबडी यंदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली का? इथे एवढ्या कोंबड्या, पण एकीलाही खुडूक होता येत नाही. अंडं घालते, उठते, चालू लागते. मागे वळून बघत नाही. जी अंड्यांवर बसते ती त्या दिवसांत अंडी देत नाही, म्हणून कंपनीने बसणाऱ्या बाजूला काढून काढून बसणंच त्यांच्यातून घालवलंय. अंडी आम्ही उचलायची, उबवायचं काम यंत्राचं. मी पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं की अंडं उचलताना टोच बसेल, आईच्या कोंबड्या मारतात तशी. कुणी मारली नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही.

आईला माझा नमस्कार. तिला मोठ्याने वाचून दाखव, भाऊंसाठी लिहिलेलं सोडून.

तुझी,
थोरली


१७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. आत येणारा प्रत्येक कागद जंतू मारणाऱ्या निळ्या दिव्याखालून येतो, त्यामुळे शाई जरा फिकी झाली होती, राग मात्र जसाच्या तसा आला.

मास्तरीण आईच्या खाटेखाली बसलीय हे वाचून मी एकटीच हसले. कोतवाल कोंबड्याने पोस्टमनच्या पायाला चोच मारली ते बरं नाही झालं, पण तो पोस्टमनही चालताना पाय फार आपटतो. कोंबड्यांना असं आवडत नाही. दारावर रंगाने आकडा टाकून गेले म्हणतेस, ते लोक सगळीकडे फिरतायत. कुणाकडे किती घरगुती पाखरं आहेत ते मोजतायत. कंपनीच त्यांना गाडी देते. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण ते मला लिहवत नाही.

इथे तसं सगळं ठीक आहे. फक्त शेडमध्ये

[इथे चार ओळी काळ्या शाईने खोडलेल्या आहेत.]

ते असो. माझं एक काम कर. पाया पडते म्हण हवं तर. कोंबड्यांना काही दिवस परसात सोडू नकोस. आत, आईच्या खोलीत कोंड. पाणी घरातलंच दे. दुसऱ्या कुणाचं पाखरू जवळ येऊ देऊ नकोस. कारण विचारू नकोस, मी सांगितलं तरी ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तुला वाटेल ही पुन्हा कंपनीची वकिली करायला लागली. तशी मी केलीही आहे आजवर, नाही कुठे म्हणते? पण या खेपेला तसं नाही.

झोप नीट लागत नाही. मावशी म्हणतात, तू शेडमध्ये सारखी कान लावून काय उभी राहतेस. मी म्हटलं, तुम्हीही उभ्या राहा जरा. त्या उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी हातातली अंड्यांची टोपली खाली ठेवली.

आईला सांग खोकल्याचं औषध संपवायचं असतं, अर्धी बाटली जपून ठेवायची नसते.

तुझी,
थोरली


२४ मार्च

अगं बाई,

काय केलंस हे? "तुझ्या साहेबांना सांग, आमच्या कोंबड्या आता दिवसभर मोकळ्या असतात, पार रस्त्यापर्यंत जातात." तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मला खिजवायला तू दार उघडलंस. माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता, त्या मास्तरिणीने तुझं काय घोडं मारलंय?

तुझंही चुकलं नाही. मी जे लिहिलं ते हुबेहूब त्या आकडे टाकणाऱ्या माणसासारखंच दिसत होतं. तोही म्हणतो कोंडा, मीही म्हणते कोंडा. तो कंपनीच्या पाखरांना जपायला म्हणतो. मी कशासाठी म्हणते ते लिहिता येत नाही. मी पेन चावत बसलेय आणि तुला समजेल असं एक वाक्य सुचत नाहीये.

बरं, असं समज. लहानपणी तुला गोवर आला होता, तेव्हा आईने मला खोलीच्या उंबऱ्यावरच अडवलं होतं. मी दारात बसून रडले. मला वाटलं, ही धाकटीवरच माया करते. आईने मला बाहेर ठेवलं ते माझ्यासाठी होतं. एवढंच.

भाऊ, हा परिच्छेद राहू द्या. यात शेडचा शब्दही नाही.

धाकटे, आज, आत्ता, पत्र हातात असतानाच त्यांना आत घे. मग हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.

थोरली


२७ मार्च

प्रिय बहिणीस,

मी इथे खुशाल आहे. आमच्या शेडमधील पाखरांचे वय झाल्यामुळे ठरल्याप्रमाणे शेड रिकामी करण्यात आली आहे. धुण्याचे व निर्जंतुक करण्याचे काम चालू आहे. बाहेर काही अफवा ऐकल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. घरगुती कोंबड्यांमुळे पसरणाऱ्या रोगांबाबत सर्वांनी सहकार्य करावे.

आपली,
बहीण


२९ मार्च

धाकटे,

हे पत्र गेटवरून आलेलं नाही. मावशींच्या ब्लाउजमधून आलंय. शेड रिकामी झाली म्हणून त्यांना घरी पाठवलं. आत येताना केसातली पिनसुद्धा काढून घेतात आणि बाहेर जाताना कुणी ढुंकून बघत नाही, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. मावशींना चहा दे, साखर जास्त घाल. आणि परवाचं ते "करण्यात आली आहे" वालं पत्र फाडून टाक. साहेबांनी सगळ्यांना ओळीत बसवून सांगितलं आणि आम्ही शाळेतल्यासारखं लिहून घेतलं.

आता खरं. शेडमध्ये पहिल्यांदा गेला तो आवाज. एवढ्या पाखरांचा गलबला असतो, तो आपण ऐकत नाही, पंख्याच्या आवाजासारखा तो असतोच. एका सकाळी मी दार उघडलं आणि मला माझ्याच बुटांचा आवाज ऐकू आला. मग खाद्य उरायला लागलं. मग तुरे निळे पडले. साहेब म्हणाले, उन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाण्याची तक्रार आहे. आणि मग एका दुपारी पिंजऱ्यांच्या गाड्या आल्या. जी पाखरं अजून पायांवर उभी होती ती वय झालेली म्हणून फेरीवाल्यांना स्वस्तात देऊन टाकली. जी पडली होती ती मागच्या खड्ड्यात गेली. उभी असलेली निवडून पिंजऱ्यात भरायचं काम आमचं होतं. ते मी केलं, धाकटे. या हातांनी.

त्या काळ्या ओळींत मी हेच लिहिलं होतं. शेडमध्ये आवाज नाही, पाखरं विकायची बोलणी चाललीत, आणि फेरीवाला स्वस्तात पांढरी कोंबडी घेऊन आला तर घेऊ नकोस, आपल्या रस्त्यावरच्या शिंप्याच्या बायकोलाही सांग, तिला स्वस्त काही दिसलं की राहवत नाही. भाऊंनी ते खोडलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांचा मुलगा इथेच ट्रक चालवतो.

शिंप्याच्या बायकोने दोन घेतल्याच. दोन्ही मेल्या, तिच्या आधीच्या कोंबड्याही मेल्या. काल साहेबांनी सगळ्यांना बोलावून भिंतीवर नकाशा लावला. शिंप्याच्या घरावर टाचणी आणि भोवती लाल गोल. म्हणाले, "बघा, घरगुती कोंबड्यांमध्ये रोग सापडलाय. म्हणून आपण एवढी काळजी घेतो." गोलातल्या प्रत्येक घरातली पाखरं मारायचा हुकूम निघालाय. आपलं घर त्या गोलात आहे. आमचा फार्मही आहे, पण आमची शेड धुतलेली आणि रिकामी, कागदावर तिथे मारायला काहीच नाही. हे बोलून झाल्यावर त्यांनी आम्हाला चहा पाजला. मी प्यायले. आता स्वतःचीच शिसारी येते.

आणखी एक आहे. मी फिरकलेली नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं ते भाऊंसाठी होतं. या मुक्कामाला यायच्या आदल्या दिवशी मी घरी आले होते. त्याआधी दोन दिवस मी फार्मवर धुण्याच्या कामाला होते, तिथून निघाले तशीच. तू कापड आणायला बाजारात गेली होतीस. मी मुद्दाम तीच वेळ गाठली होती. आईने मला काही विचारलं नाही, मास्तरिणीला उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिच्या पंखांत बोटं घालून बराच वेळ बसले. बाहेर पडताना अंघोळ नसते, धाकटे. मी केसांत काय घेऊन आले होते, मला माहीत नाही. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच येतं, तू खाटेखाली वाकतेस आणि ती मान टाकून पडलेली असते. तुझं पत्र आलं की मी आधी तिचं काय लिहिलंय ते बघते, मग आईचं. आईला हे सांगू नकोस.

आता ऐक. त्यांना लपवू नकोस. लपवलेलं एक जरी पाखरू सापडलं तरी सगळं खापर तुझ्यावर फुटेल, रोग इथूनच आला म्हणतील. मारायला येतील त्यांच्याबरोबर सरकारी डॉक्टरीणबाई असेल. तिला म्हण, आधी रक्त घ्या. प्रत्येक घरातून घेत नाहीत, घाई असते. तू हटून बस, तुला ते छान जमतं. तुझ्या कोंबड्या निरोगी निघाल्या तर रोग घराघरांतून आला नाही हे कुठेतरी लिहिलं जाईल. एकदा खड्ड्यात गेल्या की कोण काय सांगणार? त्या वाचणार नाहीत. मला ते माहीत आहे आणि तरी मी तुला हे करायला सांगतेय.

थोरली


१६ एप्रिल

धाकटे,

तू मला कधी ओळखलंस? मी बोलले तेव्हा, की आधीच? हे मला फार दिवस विचारायचं होतं.

कोंबड्या मारायला आलेल्यांबरोबर मला येणं भाग होतं असं मी म्हणणार नाही. पाखरं हाताळायची सवय असलेली माणसं कंपनीने सरकारला मदतीला दिली, त्यात माझं नाव होतं. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर कुणीतरी दुसरा आला असता, आणि त्या पोरांना मी बघितलंय, ती पायांना धरून उलटी लोंबकळवतात. शिवाय मला बघायचं होतं. मास्तरीण जिवंत आहे की नाही ते मला बघायचं होतं. आणि खरी गंमत ऐक, जिथे पाखरं आजारी पडली त्या शेडमधली आम्ही माणसं, आणि आम्हालाच निरोगी पाखरांच्या दारात धाडलं. त्या सकाळी मी क्वार्टरमध्ये बादल्या भरून कातडी लाल होईपर्यंत अंग घासलं, वरून पांढरा अंगरखा, दोन हातमोजे, तोंडावर मुखवटा, डोळ्यांवर काच. तरी मला वाटत होतं की माझ्याकडून काहीतरी गळतंय.

तू दारात आडवी उभी होतीस. कोतवाल तुझ्या काखेत होता आणि तू म्हणत होतीस, "आधी रक्त घ्या, मग हात लावा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, पुढे अजून कितीतरी घरं आहेत." कंपनीचा माणूस म्हणाला, "या बाई पहिल्यापासूनच आडमुठ्या आहेत." तू पुन्हा तेच म्हणालीस. तुझा आवाज चिरकला होता. तेव्हा मी काच वर केली. म्हटलं, "बाई, यांचं रक्त घ्या. मी फार्मवर काम करते. आमची शेड शिंप्याच्या घराच्या आधी मेली. शिंप्याच्या बायकोने घेतलेल्या कोंबड्या आमच्याच होत्या, मी स्वतः पिंजऱ्यात भरल्या." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही नावानिशी सांगाल?" मी सांगितलं. तुझ्याकडे मी बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

रक्त घेतलं. एकेकीला तू धरलंस, पंख उघडून दाखवलास. एकही पाखरू ओरडलं नाही.

मग मोजताना एक कमी भरली. तू म्हणालीस सगळ्या आहेत, आणि ते तुला खरंच वाटत होतं, तुझ्या तोंडावर दिसत होतं. मला लगेच कळलं. आपण लहानपणी काहीही लपवलं की आई कुठे शोधायची? आणि तिला काही लपवायचं असलं की ती कुठे ठेवायची? मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि धान्याच्या पिंपाचं झाकण उचललं. मास्तरीण तिथे जुन्या चादरीवर, तिच्या अंड्यांवर बसली होती. डोळे लख्ख, तुरा लाल. तिने फुगून माझ्याकडे बघितलं आणि हातमोज्यावर अशी टोच मारली की आतपर्यंत लागली. मला इतकं बरं वाटलं, धाकटे. ती ठणठणीत होती. मी तिला काही केलं नव्हतं.

झाकण परत ठेवता आलं असतं. बाहेर जाऊन, इथे काही नाही, म्हणता आलं असतं. मी तिथे उभी राहून तेच घोकत होते. पण उद्या शेजारी कुठे एक पाखरू मेलं असतं तर त्यांनी हे पिंप उघडलं असतं, आणि मग रक्ताचा कागद चुलीत गेला असता. मी तिला डाव्या काखेत घेतलं, डोळ्यांवर हात ठेवला. आई मागे येऊन उभी राहिली होती. काच पुन्हा खाली होती, मुखवटा होता, आत आल्यापासून मी एक शब्द बोलले नव्हते. आई म्हणाली, "हळू गं. खुडूक आहे ती." मी तशीच आईच्या बाजूने बाहेर गेले, आणि बाईंनी मास्तरिणीचंही रक्त घेतलं. अंडीही न्यायची असतात. ती मी दुसऱ्या फेरीत येऊन पिशवीत घातली. हातमोज्यातूनसुद्धा गरम लागत होती.

निघताना आई दारात आली आणि सगळ्या पांढऱ्या अंगरख्यांमधून नेमकी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काहीतरी खाऊन जा. वाळलीस." मी मान हलवली आणि गाडीत चढले. गाडीत बाकीच्यांनी विचारलं, ओळखीच्या का? मी म्हटलं, हो.

काल डॉक्टरीणबाई फार्मवर आल्या. आत यायला त्यांनाही अंघोळ करावी लागली, केस ओले होते. आपल्या एकाही कोंबडीत रोग नव्हता. एकाही नाही. मला आधी हायसं वाटलं. मी आणला नव्हता, मी मांडीवर घेतलं तेव्हा तिला काही दिलं नव्हतं, एवढंच डोक्यात आलं. आणि मग दुसरं लक्षात आलं, की त्या सगळ्या निरोगी होत्या आणि मी त्यांना नेलं. या दोन्ही गोष्टी आता एकत्रच राहणार, एक ठेवून दुसरी काढता येणार नाही. बाईंनी फार्मचं माझं म्हणणंही लिहून वर पाठवलंय. वर काय होईल ते त्यांना ठाऊक नाही. त्या खोटं आश्वासन देत बसल्या नाहीत, ते मला आवडलं.

कंपनीचं पत्र मात्र आजच आलं. माझ्या घरी पक्षी असल्याची माहिती मी दडवली म्हणून मला काढून टाकलंय. शेडबद्दल त्यात अक्षर नाही.

मावशींनी कळवलं की आपल्या रस्त्यावर कंपनीची गाडी आली होती, नुकसान झालेल्यांना फुकट पिल्लं वाटायला. लस टोचलेली, गुबगुबीत, पहिलं पोतं खाद्यही त्यांच्याकडून. शिंप्याची बायको सगळ्यात पुढे होती म्हणे. तू घेतलीस की नाही ते मावशींना माहीत नाही. घेऊ नकोस असं मी सांगणार नाही, मी सांगितलं की तू उलटं करतेस. आईला अंगणात काहीतरी हवं, हेही मला समजतं. फक्त घेतली असलीस तर एक ध्यानात ठेव. ती मोठी होतील, अंडी घालतील आणि उठून चालू लागतील. त्यांतली एकही बसणार नाही. पुढची पिल्लं हवी झाली की पुन्हा त्याच गाडीची वाट बघायची. आपल्या रस्त्यावर बसणारी एकच उरली होती, आणि तिला मी काखेत घालून बाहेर नेलं.

उद्या मी इथून निघते. भाऊंनी हे पाकीट उघडलं नाही, माझ्यासमोर नुसता शिक्का मारला. मी म्हटलं, वाचा की. तर चष्मा काढून पुसत बसले. मी त्यांना म्हटलंय की मला बाहेरच्या बाजूला पाणी हवं. त्या नळाला पाणी येणार नाही, पण ते स्वतः बादल्या भरून ठेवणार आहेत. मी केस दोनदा धुवेन. नखांत ब्रश घालेन. पाणी ऐकायला कुणी बसलेलं नसेल, तरी लवकर थांबणार नाही.

मग तुझ्या दाराशी येईन. उघडायचं की नाही ते तू ठरव. आईला मात्र सांग, त्या दिवशी मी काही खाल्लेलं नाही.

थोरली